दहा मैलांचा गारवा

मी बारामती-इंदापूर रस्त्यावरची जुनी सर्व्हिस मोटार बोलतेय. आता बोलण्याखेरीज दुसरं काही जमत नाही. चाकं गेली, दिवे गेले, भोंग्याचा रबरी फुगा कुणीतरी काढून नेला. सणसरला रावजी आबांच्या मळ्यात, विहिरीच्या अंगाला, चार दगडांवर मला बसवलंय. माझ्या मागच्या भागात कोंबड्या असतात. पुढच्या भागात काय आहे ते शेवटी सांगेन.

रस्त्यानं जाणारे मला बघून हसतात. नवा पाहुणा असला तर त्याला बोटानं दाखवतात, "ही बघा, ती गार हवेची गाडी!" हसू देत बापडे. पण त्यांतले निम्मे लोक माझ्यात बसायला मिळावं म्हणून धडपडत होते, हे ते पाहुण्याला सांगत नाहीत.

माझा सांगाडा बोटीतून मुंबईला आला. लाकडी अंग पुण्याला चढलं. दोन्ही बाजूंना आठ आठ खिडक्या होत्या आणि त्यांना काचा नव्हत्या. पावसाळ्यात मेणकापडाचे पडदे सोडायचे, एरवी गुंडाळून वर बांधायचे. त्यामुळे माझ्यात बसलेल्या माणसाला धूळ मिळायची, पण वाराही मिळायचा. त्या वाऱ्याला तेव्हा कुणी नाव दिलं नव्हतं. फुकट मिळणाऱ्या गोष्टीला कोण नाव देतो?

महिपती माझा मालक, ड्रायव्हर आणि क्लीनर. बारामतीहून इंदापूरला जायचं आणि संध्याकाळी परत यायचं, असा आमचा संसार होता. बाजाराच्या दिवशी सणसरहून रावजी आबा चढायचे आणि त्यांच्याबरोबर त्यांची एकुलती एक लेक रतन. परकर सावरत ती पुढे धावायची ती थेट डावीकडच्या तिसऱ्या खिडकीपाशी. तिथं कुणी बसलेलं असलं, तर ती काही बोलायची नाही, फक्त त्या माणसासमोर उभी राहून त्याच्याकडे बघत राहायची. दोन मैलांत माणूस उठायचा. मग ती हनुवटी खिडकीच्या लाकडावर टेकवायची आणि इंदापूर येईपर्यंत हलायची नाही. तिच्या हनुवटीनं त्या लाकडाला एक गुळगुळीत खळगा पडला होता. माझ्या अंगावर इतक्या लोकांनी नावं कोरली, बदाम कोरले, पण मला आवडणारी खूण ती एकच.

पुढे सरकारनं रस्ता एस.टी.ला दिला. महिपतीनं मला बारामतीला एका वखारीच्या भिंतीशी लावलं आणि रोज सकाळी येऊन फडक्यानं पुसत राहिला. कुठे जायचं नसलेल्या मोटारीला पुसणारा माणूस बघून लोकांना कीव यायची. मला बरं वाटायचं.

रतनचं लग्न शेळगावच्या संभाजी तात्यांच्या घरात झालं. तात्यांचा भाजीपाल्याचा आणि पेरूचा बाग; माणूस मानाचा भुकेला. पंगतीत दुसऱ्याचं पान आधी वाढलं, तर त्यांना घास गिळत नसे. रावजी आबाही तसेच. त्यांच्या उसाला चांगले दिवस आले होते आणि ते दिवस लोकांना दिसावेत अशी त्यांची इच्छा होती. असे दोन व्याही म्हणजे एका दावणीला बांधलेले दोन पोळच.

चौपन्न सालचा फाल्गुन. रतनला सातवा महिना लागला होता. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून रावजी आबा आणि त्यांची बायको सरुबाई तिला आणायला शेळगावला गेले. तिथं जेवताना तात्यांनी खडा टाकला.

"आबा, कशातनं नेणार सुनंला?"

"गाडी जुपून आणलीया की."

"बैलगाडी? उन्हातान्हाची? सून हाय आमची, कांद्याचं पोतं न्हाय."

आबांच्या हातातला घास थांबला. खाली ठेवून म्हणाले, "बैलगाडी आमच्यासाठी आणलीया. लेकीला गार हवंच्या मोटारीतनं नेणार. दार लावलं की आत म्हाबळेश्वर!"

"मग मोटार घिऊनच या," तात्या म्हणाले. "तवर सून हितंच बरी."

सणसर ते शेळगाव दहा मैल. परतीच्या वाटेवर सरुबाई म्हणाली, "आवं, आत्ता फाल्गुन हाय. उद्याच्याला पहाटं निघालो तर दिवस डोक्यावर यायच्या आत लेक घरात. पहाटंचं गारच असतंय की."

"तुला काय कळतंय? शबूद दिलाय."

हे सगळं मला महिपतीनं सांगितलं. आठ दिवसांत आबा वखारीत येऊन मला विकत घेऊन गेले आणि माझ्याबरोबर महिपतीलाही ड्रायव्हर म्हणून ठेवलं. पुन्हा रस्ता मिळणार म्हणून आम्ही दोघंही हरखलो. रतनला आणायला जायचंय हे कळल्यावर तर मला तिसऱ्या खिडकीचीच आठवण झाली.

मग गारवा निवडणं सुरू झालं.

पहिल्यांदा वाळ्याचे पडदे लावले. त्यांवर पाणी मारायचं आणि निघायचं. वारा ओल्या वाळ्यातून आत आला की गार होतो आणि वास घमघमतो. कल्पना झकास होती. फक्त ती पुण्याच्या बंगल्यांतली होती आणि रस्ता सणसरचा होता. आबा पांढरं धोतर नेसून आत बसले आणि आम्ही बारामतीला जाऊन आलो. ओल्या पडद्यावर वाटेतली सगळी धूळ बसली, तिचा चिखल झाला आणि तो प्रत्येक खड्ड्याला आत उडाला. दार उघडून आबा उतरले, तेव्हा सरुबाई म्हणाली, "आता शेणाचा एक हात द्यायचा राह्यलाय. भिंत तयार हुईल."

मग मुंबईहून खिडकीला अडकवायचं एक पत्र्याचं नळकांडं आलं. त्यात पाणी भरायचं. मोटार वेगात निघाली की वारा त्यातून गार होऊन येतो म्हणे. माझा वेग आणि पुढे उसाच्या बैलगाड्यांची रांग! एक वेळ वारा आमच्या मागून येऊन पुढे निघून गेला असता. ओढ्याच्या उताराला नळकांडं कलंडलं आणि सगळं पाणी आबांच्या मांडीवर. भिजलेलं धोतर वाळेपर्यंत ते बाभळीमागे उभे होते.

तोवर चैत्र लागला होता. शेळगावहून रतनचा निरोप आला, "आई, कदी येतीस?" निरोप आईला होता. पण उत्तर आबांनी दिलं, "गारव्याचं काम चालू हाय म्हणावं."

तिसरा प्रयोग बर्फाचा. पुण्याहून रेल्वेनं बर्फाची लादी येणार, ती टोपात ठेवायची आणि वर पंखा फिरवायचा. भुसा आणि गोणपाटात गुंडाळलेली लादी दौंडला गाडी बदलून बारामतीला उतरली, तेव्हा ती निम्मी झाली होती. तरी निम्मी म्हणजे थोडी नव्हती. पण आपल्या लोकांत एक रीत आहे. एकट्यानं खाणं बरं दिसत नाही, आणि मागणाऱ्याला नाही म्हणणं तर त्याहून वाईट. स्टेशनात हमालानं खडा मागितला. नाक्यावर शिपायानं मागितला. वाटेत गावोगाव माणसं आडवी आली, "आबा, बरफ हाय म्हणं? बगू तरी!" आबांना तर तेच हवं होतं. दर ठिकाणी मला थांबवून, गोणपाट सोडून, ते स्वतःच्या हातानं खडे फोडून वाटत होते. सणसरला पोचलो तेव्हा टोपात ओला भुसा होता. आबा मात्र खूश! सगळ्या रस्त्यावर नाव झालं होतं.

"रतनला एक खडा तरी ठिवायचा," सरुबाई म्हणाली. तिच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही.

शेवटी खरं यंत्र आलं. मुंबईच्या कुठल्याशा हॉटेलातून उतरवलेलं, कणगीएवढं. त्याला बसवायला बारामतीहून जयवंता मिस्त्री आला. कानावर पेन्सिल, तोंडात एकच मंत्र, "फट राहिली की गारवा पळाला!" त्यानं माझ्या सोळाच्या सोळा खिडक्यांवर फळ्या ठोकल्या. तिसऱ्या खिडकीवर आला तेव्हा महिपती म्हणाला, "एवढी सोडा, मिस्त्री."

"का? हितनं गारवा पळणार न्हाय व्हय?"

रतनच्या हनुवटीच्या खळग्यावर जयवंतानं चार खिळे मारले.

मग त्यानं मधोमध लाकडी भिंत घालून माझे दोन भाग केले. ड्रायव्हरची जागा बाहेर सोडून पुढे गार खोली. तिच्यात रतनसाठी पलंग, गादी, लोड. यंत्र भिंतीत बसवलं. त्याचं गार तोंड पुढच्या खोलीत आणि मागचं तोंड मागच्या भागात. गार करणाऱ्या यंत्राला मागचं तोंडही असतं आणि त्यातून तापलेली हवा येते, ही गोष्ट जयवंताला ठाऊक होती. आबांना सांगितली होती. आबा म्हणाले होते, "मागं कोण बसतंय? बोचकी तर ठिवायची."

यंत्राला वीज लागते आणि रस्त्यावर वीज नव्हती. तेव्हा आबांनी विहिरीवरचं ऑइल इंजिन उचकटून माझ्या मागच्या भागात बसवलं आणि त्याला डायनामो जोडला. एक इंजिन मला ओढायला, दुसरं गारवा करायला. पाटाच्या पाण्याची पाळी लांबली होती आणि ऊस इंजिनावरच जगत होता.

"उसाला पाणी?" सरुबाईनं विचारलं.

"ईल की पाटाचं."

पाटाचं पाणी आलं नाही. ऊस पिवळा पडत गेला आणि मी गार होत गेले. वैशाख संपत आला. रतनला नववा महिना सरत आला होता. दहा मैलांना आम्ही तीन महिने लावले होते. एवढ्या वेळात गोगलगायही शेळगावला जाऊन, चार दिवस पाहुणचार घेऊन परत आली असती.

निघायच्या दिवशी माझी पूजा झाली. यंत्रासमोर नारळ फोडला आणि त्याच्या जाळीत इतकं हळदकुंकू भरलं, की ते दोनदा शिंकल्यासारखं करून मग चालू झालं. पुढच्या खोलीत आबा आणि गावचे दोन मानकरी बसले. सरुबाई मागे, इंजिनाशेजारी. मानकऱ्यांच्या पंक्तीत ती बसणार नव्हती आणि कुणी बस म्हणालंही नव्हतं.

शेळगावात सगळं गाव जमलं. आबांनी दार उघडलं. तात्यांनी आधी हात घातला, मग डोकं घातलं, मग सगळेच आत गेले आणि पलंगावर मांडी घालून बसले. आबांनी दार लावून घेतलं. पाच मिनिटांनी दार किलकिलं झालं.

"आबा, मानलं! पार हुडहुडी भरली. आमी सणसरापतोर येतो सुनंला सोडायला."

तात्या आले म्हणून तात्यांचे दोन भाऊ आले. भाऊ आले म्हणून शेळगावचे पाटील आले. व्याह्यांना नको म्हणता येत नाही, पाटलांना तर नाहीच. बाहेर अजून चार जण रुसून उभे होते. गार खोलीत सात माणसं झाली.

मग रतन बाहेर आली. पोट सावरत, डोक्यावरचा पदर ओढत, घाम पुसत. मला बघून ती क्षणभर हसली. हात लावून तिनं तिसऱ्या खिडकीची जागा शोधली आणि फळीवर बोटं फिरवली. मग गार खोलीच्या दारात आली, तर आत पलंगावर सासरे, चुलतसासरे आणि गावचे पाटील. त्यांच्यापुढे सुनेनं वर बसायचं नाही, ही रीत. ती दारातच थबकली.

"जा पोरी, मागं बस आईजवळ," तात्या मायेनं म्हणाले. "लवकर दार लाव, गारवा जातोय."

आबांनी खाली बघितलं. एवढ्या माणसांना उठवायचं, तेही व्याह्यांच्या दारात, एवढं धाडस त्यांच्या शब्दात नव्हतं.

माझ्या मागच्या भागात एक इंजिन तापलेलं, यंत्राचा गरम श्वास, धूर, आणि सगळ्या खिडक्यांवर फळ्या. फटी बुजवण्यात जयवंतानं कसर ठेवली नव्हती. मागचं दार वीतभर उघडं धरून सरुबाई बसली होती आणि तिच्या मांडीवर रतनचं डोकं होतं. माझ्या एका पोटात महाबळेश्वर होतं आणि दुसऱ्यात भट्टी. मला थांबता आलं असतं तर मी थांबले असते. सात मैलांवर, पाटाच्या पुलाशी, खरंच थांबले. दोन इंजिनांच्या आणि सात मानकऱ्यांच्या ओझ्यानं माझंही पाणी उकळलं होतं.

महिपती बादली घेऊन उतरला. मागचं दार उघडून सरुबाईनं रतनला खाली घेतलं. ती लिंबाच्या सावलीला बसली, ओकली आणि मग कंबर धरून कण्हायला लागली.

"महिपती," सरुबाई म्हणाली, "कळा सुरू झाल्या. सांग जा त्यांला."

महिपती धावत जाऊन पुढचं दार वाजवायला लागला. आत यंत्राची घरघर. त्यानं दार ओढून उघडलं आणि तोंड उघडणार, एवढ्यात आतून तात्या ओरडले, "आरं दार लाव! गारवा जातोय!"

"तात्या, वैनीबाईस्नी..."

"पाणी भर आन् चल! लाव दार!"

आणि त्यांनी स्वतःच ते ओढून घेतलं.

महिपती बंद दारासमोर उभा राहिला. इतक्या वर्षांत त्यानं उतारूला कधी शिवी दिली नव्हती. त्या दिवशी हळूच एक दिली.

पुलावरून दोडक्याच्या पाट्या घेऊन सणसरकडे निघालेली एक बैलगाडी आली. सरुबाईनं ती थांबवली. "परत मोटारीत?" असं महिपतीनं विचारताच रतन म्हणाली, "नगं. मला वाऱ्याला न्या." पाट्या कडेला सारून, खाली कडबा पसरून तिला निजवलं, सरुबाई तिच्या उशाशी बसली आणि गाडी पाटाच्या जवळच्या वाटेनं निघून गेली. सुनेला बैलगाडीतून धाडायचं नाही असं ज्यांनी ठरवलं होतं, ते तेव्हा आत लोडाला टेकून आपण किती गार झालो ते एकमेकांना सांगत होते.

मी निवले, मग निघाले. सणसरात मळ्याच्या तोंडाशी शेजारची द्वारकाबाई आरतीचं ताट आणि भाकरतुकडा घेऊन उभी होती. अर्धं गाव लोटलं होतं. दार उघडलं. आधी तात्या उतरले, मग पाटील, मग सगळे, थंडीनं हात चोळत. शेवटी आबा. सगळे मागच्या दाराकडे वळले. द्वारकाबाईनं तुकडा ओवाळायला हात उचलला.

आत इंजिन होतं. आणि रतनची एक चप्पल.

"लेक कुठाय?" आबांनी विचारलं.

महिपती म्हणाला, "आबा, तिला कळा सुरू झाल्या. पुलावरनं बैलगाडीतनं यायलीया. सांगाया आलतो मी. दार लावा म्हणले."

तात्या आपल्या पटक्याचा शेमला बघत होते. आबांनी कुणाकडे बघितलं नाही. जोडे तसेच ठेवून ते अनवाणी पाटाच्या वाटेला धावत सुटले, भर उन्हात, साठीला आलेला माणूस. गाडी त्यांना मैलभरावर भेटली. पुढचा सगळा रस्ता ते एका बाजूला चालत, आपला पटका सोडून लेकीच्या तोंडावर सावली धरून आले.

दिवेलागणीच्या आधी रतन मोकळी झाली. मुलगी. दोघी सुखरूप. तोवर दारात बसलेल्या आबांना पाणी विचारलं, तर ते मानेनंच नको म्हणत होते.

बारशाला तात्या आले ते एस.टी.नं, पुढच्या बाकावर नाही, मिळेल तिथं उभे राहून. तेव्हा ओसरीवर बसून आबांनी लेकीला पहिल्यांदा विचारलं, "रतन, तुला काय पायजे हुतं गं, खरंच?"

रतननं लेकीला थोपटत म्हटलं, "काय न्हाय, आबा. तिसऱ्या खिडकीजवळ बसून यायचं हुतं."

आबा उठले. पहार घेऊन माझ्याकडे आले. जयवंता मिस्त्रीनं खिळे पक्के मारले होते, एकेका फळीला आबांचा घाम निघत होता. तात्या जवळ येऊन उभे राहिले, मग न सांगता त्यांनी फळीचं दुसरं टोक धरलं. खिडकी मोकळी झाली. लाकडाला चार भोकं पडली होती, पण त्यांच्यामधला तो गुळगुळीत खळगा तसाच होता.

यंत्र कुणीतरी मोडीत नेलं. इंजिन विहिरीवर परत गेलं, पण त्या साली अर्धा ऊस वाळला तो वाळलाच. माझी चाकं बैलगाड्यांना लागली. महिपती विहिरीचं इंजिन बघतो आणि अजून सकाळी येऊन मला फडक्यानं पुसतो.

आणि आता पुढच्या भागाचं. तिथं छताच्या गजाला झोळी टांगलेली आहे. दर उन्हाळ्यात रतन माहेरी येते, पहिल्या एस.टी.नं, सकाळच्या गारव्यात. थोरली आता चार वर्षांची आहे आणि झोळीत तिचा धाकटा भाऊ असतो. विहिरीवरून वारा येतो, तो तिसऱ्या खिडकीतून आत शिरतो आणि समोरच्या, मागाहून मोकळ्या केलेल्या खिडकीनं निघून जातो. थोरली त्या खळग्यावर हनुवटी टेकवून बसते. दुपारी आबा येतात, कधी तात्या आले तर तेही येतात, आणि दोघं खाली जमिनीवर बसतात. पलंगावर नाही.

तेव्हा लोकहो, गारवा जरूर निवडा. पण ज्याच्यासाठी निवडताय त्याला तीन महिन्यांत एकदा तरी विचारून बघा, एवढंच या जुन्या मोटारीचं मागणं आहे. कधी या बाजूला आलात आणि ऊन लागलं, तर माझ्यात येऊन टेका. दार लावायचं म्हणाल तर ते नाही. सरुबाईनं त्याच्या फळ्या बारशाच्या स्वयंपाकाला चुलीत घातल्या. या, कुठेही बसा. तिसऱ्या खिडकीजवळची जागा तेवढी सोडून.